विज्ञानाच्या साधिका : कमलाबाई सोहोनी

दुर्गाबाई भागवत हे नाव मराठी वाचकांस सुपरिचित आहे. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. परंतु त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई यांचे नाव आपल्या घरांतून क्वचितच निघते. केंब्रिज विद्यापीठाची विज्ञानातील पीएच.डी. मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत कमलाबाई पहिल्या आल्या आणि त्यांनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती! कमलाबाई स्वतः बंगळूरला गेल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे. कामाचा दर्जा पटल्याखेरीज त्यास मान्यता नाही. कमलाबाईंनी या अटी पत्करल्या आणि आपल्या कामानेच उत्तर दिले. त्यानंतर त्या संस्थेत इतर विद्यार्थिनींनाही प्रवेश मिळू लागला.

बंगळूर येथे त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. प्रथिनांनी शरीराची वाढ व झीज भरून निघते. आणि गरिबाच्या ताटात ती मुख्यतः डाळी-उसळींतूनच येतात. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करीत असता वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन असल्याचे त्यांनी दाखविले. विहिरीपासून शेतापर्यंत माणसांची रांग घागरी हातोहात पुढे देते, तसे हे प्रथिन पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचविते, आणि त्यातून पेशीस शक्ती मिळते. १९३९ साली त्यांस पीएच.डी. मिळाली.

परदेशी न राहता त्या त्याच वर्षी स्वदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम करून, १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञानसंस्थेत त्यांनी ताडाच्या ताज्या नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारास नीरेची जोड दिल्याने त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालिका झाल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

त्याच १९९८ साली आपल्या बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. निपाणीच्या मुलीस अभियांत्रिकीसाठी आज कोणा संचालकाच्या दारी धरणे धरावे लागत नाही. दार अडते ते बहुधा घरीच : “मुलीला इतके शिकवून काय करायचे?” या प्रश्नापाशी. पालकहो, नारायणरावांच्या घरी हा प्रश्न आड आला असता, तर कमलाबाई बंगळूरपर्यंत पोहोचल्याच नसत्या. आणि मुलींनो, प्रवेश मिळविणे हा केवळ आरंभ आहे. कमलाबाईंचे मोठेपण त्यानंतरच्या परिश्रमांत आहे.