फॉरमॅट मारण्याआधी

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही असतात. विंडोजचं मोठं अपडेट होतं, मशीन रीस्टार्ट होतं आणि कोणती सिस्टिम उघडायची हे विचारणारा रोजचा ग्रबचा मेनू न येता थेट विंडोज उघडतं. 'विंडोजने लिनक्स उडवलं' असं ठरवून लोक लॅपटॉप दुकानात टाकतात आणि तिथे फॉरमॅट मारला जातो. फोटो, प्रोजेक्ट, प्रबंधाचं काम जातं ते तिथे. अपडेटने त्याला हातही लावलेला नसतो.

हा समज जुन्या बायोसच्या काळातला आहे. तेव्हा डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांच्या सेक्टरमध्ये बूट कोडला जेमतेम 446 बाइट मिळत. विंडोज पुन्हा टाकलं की ग्रबचा तिथला भाग पुसला जायचा. लिनक्सचं पार्टिशन मात्र तेव्हाही शाबूत असायचं. आता युईएफआय आहे. ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाच्या छोट्या फॅट32 पार्टिशनमध्ये मायक्रोसॉफ्टचं फोल्डर वेगळं, उबुंटूचं वेगळं. आधी कोणाला उठवायचं हा क्रम मदरबोर्डच्या मेमरीत असतो आणि बहुतेक वेळा बदललेला असतो तो हा क्रमच. मशीन सुरू होताना एफ12, एफ9 किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे कळ वेगळी) दाबून बूट मेनू उघडा. यादीत 'उबुंटू' दिसलं तर ते निवडा, मग सेटअपमध्ये जाऊन त्याला वरच्या क्रमांकावर आणा. नावच नसेल तर उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह बूट करा, आपलं पार्टिशन उघडून आधी डेटा बाहेर काढा आणि नंतरच ग्रब पुन्हा बसवा.

उलटी तक्रारही येते: ग्रबच्या मेनूत विंडोज नाही, म्हणजे विंडोज गेलं. तसं नसतं. 2021च्या ग्रब 2.06 पासून दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला आहे. ग्रबच्या सेटिंगमध्ये तो चालू करून 'सुडो अपडेट-ग्रब' दिलं की विंडोज मेनूत येतं.

'लिनक्ससाठी सिक्युअर बूट बंदच करावं लागतं' हा सल्ला सर्रास दिला जातो. उबुंटू आणि फेडोराच्या शिम या पहिल्या बूटलोडरवर मायक्रोसॉफ्टची सही असते, त्यामुळे ते चालू ठेवूनही दोन्ही चालतात. ऑगस्ट 2024 मध्ये मात्र खरोखरच विंडोजच्या एका अपडेटनेच घोळ केला. ड्युअल बूटच्या मशीनवर ते लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, तरी अनेक मशीनवर ते लागू झालं आणि जुन्या शिमला नकार मिळू लागला. पडद्यावर 'एसबॅट'चा उल्लेख असलेली चूक येऊन मशीन बंद व्हायचं. तेव्हाही डेटा जागेवरच होता. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये शिरायचं, मोकयुटिल कमांडने एसबॅटचं धोरण पुसायचं आणि सिक्युअर बूट परत चालू करायचं, एवढाच उपाय होता.

पण त्या सेटिंगला हात लावण्याआधी विंडोजच्या बिटलॉकर एन्क्रिप्शनची 48 अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण विंडोज 11 च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. सिक्युअर बूट बदललं की विंडोज ती की मागू शकतं. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. ती सापडली नाही आणि बदललेली सेटिंगही पूर्ववत करता आली नाही, तर त्या डिस्कवरचं काही परत मिळत नाही.

लिनक्समधून डी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही, म्हणून डिस्क खराब झाली असं समजू नका. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप आहे. शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची अवस्था फाइलमध्ये जपून ठेवतं. अशा अर्धवट मिटलेल्या ड्राइव्हवर लिनक्स लिहायला तयार होत नाही आणि तेच बरोबर आहे. पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. तोवर शट डाउनऐवजी रीस्टार्ट करून लिनक्समध्ये या.

घड्याळ चुकलं की मदरबोर्डचा सेल बदलणारेही पुष्कळ आहेत. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात युटीसी वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. म्हणून आपल्याकडे लिनक्सनंतर विंडोज नेमकं साडेपाच तास मागे दाखवतं. सेल गेला असेल तर तारीखही कित्येक वर्षं मागे जाते. फरक साडेपाच तासांचाच असेल, तर लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1' ही कमांड पुरते.