बांध सरकला की फोटो?

मोबाइलवर गटाचा नकाशा उपग्रहाच्या फोटोवर टाकायचा, आपल्या गटाची रेघ शेजाऱ्याच्या उसात गेलेली पाहायची आणि ‘त्याने बांध कोरला’ म्हणत तणतणत उठायचं, हे आता गावोगाव चाललं आहे. यामागचा पक्का समज असा, की फोटो वरून काढलेला, म्हणजे खराच. चूक असली तर शेजाऱ्याची.

मुळात फोटो अगदी डोक्यावरून क्वचितच घेतलेला असतो. उपग्रह बहुतेक वेळा तिरका पाहतो. नजर २० अंश तिरकी असेल, तर ३० मीटर उंच इमारतीचा माथा पायापासून सुमारे ११ मीटर बाजूला पडतो. डोंगराचंही तेच. सिंहगड पायथ्यापासून सातशे मीटरहून उंच आहे. उंचीचा हिशेब न धरता असा तिरका फोटो नकाशावर बसवला, तर पायथा जागेवर येईल आणि माथा अडीचशे मीटर ढळेल. म्हणून जमिनीच्या चढउताराची माहिती घेऊन फोटोतला ठिपका न् ठिपका जागेवर आणावा लागतो. त्यातही बहुधा जमिनीचीच उंची धरतात, त्यामुळे दुरुस्त केलेल्या फोटोतही उंच इमारती कललेल्या दिसतात.

फोटो स्पष्ट म्हणून जागा अचूक, असंही नाही. २०१९ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-३ उपग्रहाच्या चित्रात पाव मीटरच्या आसपासचा तपशील दिसतो. पण ते चित्र जमिनीवर नेमकं कुठे बसलं, हा प्रश्न वेगळाच राहतो.

ते बसवायला फोटोत आणि नकाशात दोन्हीकडे ओळखू येणारे बिंदू जुळवतात. जितके जास्त तितकं चांगलं, असं वाटतं खरं. पण एकाच कोपऱ्यात दाटलेल्या वीस बिंदूंपेक्षा चारही बाजूंना आणि मध्ये पसरलेले सात-आठ कितीतरी कामाचे. रस्त्यांची चौफुली, विहिरीचं तोंड, मोरीचा कोपरा घ्यावा. ओढ्याचा काठ पावसाळ्यागणिक बदलतो, छप्पर आणि झाडाचा शेंडा उंचीमुळे सरकतात, ते टाळावेत. आणि संगणकाने ‘त्रुटी शून्य’ दाखवली म्हणून हुरळून जाऊ नये. साध्या जुळवणीत तीनच बिंदू दिले, की ते चुकीचे असले तरी त्रुटी शून्यच येते. जुळवणी खरी ठरते ती तिच्यात न वापरलेल्या बिंदूंवर तपासून.

नकाशाचीही स्वतःची दुखणी आहेत. जुने गावनकाशे शंकू-साखळीने मोजलेले. त्यांवर अक्षांश-रेखांश नाहीत, कागदही आकसलेला. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या मापांवर बेतलेले आहेत, जीपीएस पृथ्वीचा आकार वेगळा धरतं. एकाचे आकडे दुसऱ्यात तसेच भरले, तर पुण्याच्या परिसरात जागा शंभर मीटरहून जास्त चुकते.

चौरस गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे दहा मीटर. फोटो तेवढाच सरकला, तरी गुंठाभर रुंदीची पट्टी एका गटातून दुसऱ्या गटात गेलेली दिसते. तेव्हा हद्दीची शंका असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, लगतच्या खातेदारांना रीतसर नोटीस जाऊ द्या, आणि मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हाती येईपर्यंत बांधाला कुदळ लावू नका.