कृतज्ञतेच्या समारंभांतील हास्य

परीक्षांचे निकाल लागले आणि पदवी हातीं आली, कीं हल्लीं घरोघर एक नवा समारंभ होऊं लागला आहे. पूर्वीं देवापुढें पेढे ठेवून व वडीलधाऱ्यांस नमस्कार करून जें काम भागत असे, त्यासाठीं आतां सभागृह ठरतें, आणि नवा पदवीधर आपले गुरुजन, आईबाप, आप्त व शेजारी यांस आभार मानण्याकरितां बोलावतो. ही चाल आम्हांस नापसंत नाहीं. गुरुगृहीं विद्या संपवून परतणाऱ्या स्नातकासाठीं आपल्याकडे समावर्तनाचा संस्कार होताच; तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींत त्या प्रसंगाचा उपदेशही आहे. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ सालीं बाहेर पडले. त्यांत न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर हे होते. त्या वेळीं बोटांवर मोजण्याइतके असलेले पदवीधर आज प्रत्येक इमारतींत आहेत, ही आनंदाचीच गोष्ट होय.

परंतु या समारंभांत नुसतीं भाषणें कोण ऐकणार? म्हणून विनोदी गाणीं आणि नाच यांची योजना होते, आणि खरी अडचण येथेंच उभी राहते. ज्यांचे आभार मानावयाचे तेच समोर बसलेले असतात, आणि थट्टाही बहुधा त्यांचीच होते. एखादी निवड चुकली, तर वर्षभर जपलेला स्नेह पांच मिनिटांत दुखावतो.

हास्याचा विचार आपल्या पूर्वजांनीं बारकाईनें केला आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत हास्याचे सहा प्रकार सांगितले: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पैकीं पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे आणि शेवटचे दोन अधमांचे मानले आहेत. शिवाय हास्य आत्मस्थ आणि परस्थ असें द्विविध म्हटलें आहे. म्हणजे एक स्वतः हंसणें व दुसरें दुसऱ्यास हंसविणें. आपल्या नाटकांतील विदूषक पाहावा. शाकुंतलांतील माढव्य राजाच्या शिकारीपायीं आपलीं हाडें कशीं खिळखिळीं झालीं हें रडून सांगतो आणि प्रेक्षक हंसतात. मृच्छकटिकांतला मैत्रेय खादाड खरा, पण चारुदत्ताच्या दारिद्र्यांतही त्याला सोडीत नाहीं. दोघेही स्वतःस हास्याचा विषय करतात, म्हणून ते कोणास बोचत नाहींत. आमच्या मतें हाच या समारंभाचा पहिला नियम असावा: पदवीधरानें प्रथम स्वतःची थट्टा करावी. ज्यानें स्वतःस हंसूं दिलें, त्याच्या तोंडची गुरुजींची थोडी थट्टा गुरुजींनाही गोड लागते.

यासाठीं सामग्री शोधावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. बदलापुराच्या पश्चिमेस असलेल्या सोनिवलीचेंच उदाहरण घेऊं. येथील विद्यार्थी मुंबईस शिकावयास जातो तो आगगाडीनें. बदलापूर ते छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस हें अंतर सुमारें ६८ किलोमीटर आहे. गाडींत शिरण्याची कसरत, एका पायावर उभें राहून केलेला अभ्यास, डब्यांतील भजनी मंडळ, आणि घरीं परतल्यावर "आज कॉलेजांत काय शिकलास?" या प्रश्नाचें उत्तर शोधतांना होणारी तारांबळ, एवढ्यावर सहा मुलांचा मूकनाच सहज बसतो. दोन ओळींत मुलें उभीं करावींत, ढोलकीवर गाडीचा ठेका धरावा, आणि प्रत्येक स्थानकागणिक गर्दी वाढवीत न्यावी. शब्दांची गरज नाहीं. आजीला कळतें आणि नातवालाही कळतें.

गाण्यांसाठींही आपल्या घरांतच खजिना आहे. भोंडल्यांतील वेड्याचें गाणें सर्व भगिनींस ठाऊक आहे. त्यांत वेडा एकेक वस्तु पाहतो आणि भलतेंच समजतो. हीच युक्ति घेऊन नवे शब्द रचावे. पुस्तकें चौदा वाचलेल्या पदवीधरास घरांत शिजणाऱ्या कुकराची शिटी, वाण्याचें बिल किंवा बँकेचा अर्ज यांचा कांहीं उलगडा होत नाहीं, अशी कडव्यांची माळ गुंफतां येते. मंगळागौरीचे झिम्मा, फुगडी, पिंगा हे खेळही सासू, सून, नात यांस एकत्र नाचवितात. त्यांतले सवालजवाब मुळांतच मिस्किल आहेत. कोंकणांतील नातलग आले असतील तर जाखडीचा फेर धरतां येईल. आरतीच्या चालीवर मात्र विडंबन बसवूं नये. वडील मंडळींच्या मनांत त्या चालीचें स्थान वेगळें आहे.

विडंबनाचा कित्ता पाहावयाचा असेल, तर आचार्य अत्रे यांनीं केशवकुमार या नांवानें लिहिलेलीं 'झेंडूचीं फुलें' हा १९२५ सालचा संग्रह चाळावा. मूळ रचना वाचकास ठाऊक असली तरच विडंबनाची गंमत कळते, हें त्यावरून ध्यानांत येईल. म्हणून चाल सर्वांस परिचित असेल तीच निवडावी.

आतां काय टाळावें तें सांगतों. कॉलेजांतील 'शेलापागोटें' घरच्या समारंभांत आणूं नये. निनावी चिठ्ठीची चेष्टा तरुणांच्या मेळाव्यांत खपते. आईबापांसमोर तीच बाणासारखी लागते. दुसरें, शरीराचें व्यंग कधींही नकलेचा विषय होऊं देऊं नये. एखाद्या शिक्षकाची हजेरी घेण्याची ढब, खडू फेकण्याची नेमबाजी, "हें परीक्षेस हमखास येणार" हें त्याचें पालुपद यांची नक्कल अवश्य करावी. परंतु त्याच्या तोतरेपणाची अथवा लंगडण्याची करूं नये. सवय माणसानें लावून घेतलेली असते, व्यंग त्याच्यावर आलेलें असतें.

तिसरी गोष्ट या भागापुरती अधिक महत्त्वाची आहे. नव्या इमारतींत राहावयास आलेल्या आपल्या मंडळींचे शेजारी पुष्कळदां येथले मूळचे आगरी कुटुंबीय असतात. त्यांच्या लग्नांत धवलारीण धवले गाते, ती स्वतंत्र आणि जुनी परंपरा आहे. आपल्या मुलांस त्यांच्या बोलीची नक्कल करून हंशा मिळविण्याचा मोह होतो. तो आवरावा. ज्या शेजाऱ्यानें पावसाळ्यांत नदी चढली असतां आपल्या घरीं चौकशी केली, त्याला आभाराच्या दिवशीं त्याच्याच बोलीवरून हंसणें ही कृतघ्नता होय. त्याच घरांतील मुलगी आपल्या बोलींत आपण होऊन विनोदी गाणें म्हणत असेल, तर तिला मानानें बोलवावें. एकाच बोलीचें गाणें, पण पहिल्यांत उपहास आहे आणि दुसऱ्यांत उत्सव.

मुलांनीं लुगडें नेसून केवळ अंगविक्षेपांनीं लावणी नाचणें हा प्रकारही आतां शिळा झाला आहे. बालगंधर्वांची स्त्रीभूमिका ही साधना होती. तिचें टवाळींत रूपांतर होऊं नये. द्व्यर्थी सिनेगीतांविषयीं अधिक लिहिणें नको; आजोबा पहिल्या रांगेंत आहेत एवढें स्मरलें तरी पुरे.

कार्यक्रमाची लांबी तासाभरांत आटोपावी आणि विनोदी प्रवेश चारांहून अधिक नसावेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें रात्रीं दहानंतर बंद सभागृहाबाहेर ध्वनिक्षेपक सहसा वाजवितां येत नाहीं, हेंही आधींच लक्षांत असावें. तालमीच्या वेळीं घरांतील एका वडील बाईंस आणि ज्यांची थट्टा होणार त्यांपैकीं एकास बोलावून बसवावें. ज्यांच्यावर विनोद आहे तेच मनापासून हंसले तर तो ठेवावा. त्यांनीं नुसतें सौजन्य म्हणून हंसू आणलें तर वगळावा. याहून चांगली कसोटी आम्हांस ठाऊक नाहीं.

शेवटचा क्रम मात्र विनोदाचा नसावा. हास्यानें मनें मोकळीं झालीं, कीं पदवीधरानें पुढें येऊन प्रत्येकास नांवानें हांक मारावी आणि कोणी काय केलें तें सांगावें. पहाटे डबा भरून देणारी आई, शुल्काचे पैसे उसने देणारे काका, शिकवणीचे पैसे न घेणारे गुरुजी, यांतील एकही नांव राहूं नये. नंतर त्यांस वांकून नमस्कार करावा. तासभर हंसलेल्या सभेचे डोळे त्या वेळीं पाणावले, तर निवडलेलीं गाणीं योग्य होतीं असें खुशाल समजावें.