क्रिश चित्रपटमालिकेतील वेशभूषा

क्रिश ही राकेश रोशन यांनी दिग्दर्शित केलेली हिंदी विज्ञानकथा चित्रपटमालिका असून तिच्यात कोई... मिल गया (२००३), क्रिश (२००६) आणि क्रिश ३ (२०१३) या तीन चित्रपटांचा समावेश होतो. फिल्मक्राफ्ट प्रॉडक्शन्स या मुंबईतील संस्थेने त्यांची निर्मिती केली. पहिल्या चित्रपटापासून तिसऱ्यापर्यंतच्या दहा वर्षांत या मालिकेतील वेशभूषेचे स्वरूप मुळापासून बदलले. पहिल्या चित्रपटातील प्रमुख पोशाखाने आतला कलाकार पूर्णपणे झाकला. दुसऱ्यातील पोशाखाने नायकाच्या चेहऱ्याचा केवळ वरचा भाग झाकला. तिसऱ्यात पोशाखाच्या कामाचा काही वाटा संगणकीय दृश्यपरिणामांकडे गेला.

पार्श्वभूमी

हिंदी चित्रपटांची वेशभूषा दीर्घकाळ शिंपी, ड्रेसमन आणि भाड्याने पोशाख पुरवणारे ड्रेसवाले यांच्या आधारावर उभी राहिली. पौराणिक व ऐतिहासिक चित्रपटांसाठी लागणारे मुकुट, अंगरखे, शेले आणि चिलखते मगनलाल ड्रेसवाला यांच्यासारख्या पेढ्यांकडून मिळत. कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना गांधी (१९८२) या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाल्यानंतर वेशभूषाकार हा स्वतंत्र कलावंत आहे, ही जाणीव सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंतही पोहोचली. परग्रहवासी मात्र कोणत्याही ड्रेसवाल्याच्या कपाटात नव्हता.

विज्ञानकथेकडे झुकणाऱ्या मिस्टर इंडिया (१९८७) या चित्रपटातील मोगॅम्बोचा सोनेरी कलाकुसरीचा लष्करी थाटाचा पोशाख माधव अगस्ती यांनी तयार केला होता. तो कितीही अद्भुत दिसला, तरी कापड, कात्री आणि सुई यांच्या परंपरेतलाच होता. रबरी पोशाखाचे तंत्र वेगळे असते. त्यासाठी कलाकाराच्या अंगाचा साचा घ्यावा लागतो, मातीत शिल्प घडवावे लागते आणि त्यावरून लेटेक्स किंवा फोमचे भाग ओतून घ्यावे लागतात. असा पोशाख आयत्या वेळी सैल करता येत नाही, त्याला इस्त्री चालत नाही आणि घाम शोषून घेण्याचा गुण त्यात नसतो. ऊन आणि दमट हवा यांमुळे लेटेक्स कालांतराने चिकट होते किंवा तडकते. गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीसह मुंबईतील सर्वच चित्रीकरणस्थळांवर वर्षाचे अनेक महिने हवा उष्ण आणि दमट असते. दिव्यांच्या झोतात ती अधिकच तापते. त्यामुळे अशा पोशाखात कलाकार किती वेळ उभा राहू शकतो, यावर दिवसभराच्या चित्रीकरणाचे वेळापत्रक अवलंबून राहते.

कोई... मिल गया

या चित्रपटातील जादू या परग्रहवासीयाचा पोशाख ऑस्ट्रेलियातील कलावंत जेम्स कोल्मर यांनी तयार केला. निळसर करडी त्वचा, मोठे डोके आणि पाणीदार डोळे ही त्याची प्रमुख वैशिष्ट्ये होत. जादूला संवाद जवळजवळ नाहीत. त्यामुळे त्याच्या भावना डोळ्यांच्या उघडझापेतून, मान कलवण्यातून आणि हातांच्या हालचालींतून व्यक्त कराव्या लागल्या. सूर्यप्रकाशातून शक्ती मिळवणारे हे पात्र इंद्रवदन पुरोहित या अत्यंत कमी उंचीच्या अभिनेत्याने साकारले.

जादूच्या तुलनेत रोहित मेहरा (हृतिक रोशन) याच्या कपड्यांकडे क्वचितच लक्ष दिले जाते. वास्तविक कथेचा मोठा भार त्यांनीच वाहिला आहे. बौद्धिक वाढ खुंटलेला रोहित वयाने मोठा असूनही शाळकरी मुलांसारखा पोशाख करतो आणि जाड भिंगांचा चष्मा वापरतो. जादूच्या शक्तीमुळे त्याची दृष्टी सुधारल्यावर चष्मा निरुपयोगी ठरतो आणि त्यानंतर त्याचे कपडेही तरुणाचे होतात. एका पात्राचे झालेले परिवर्तन येथे कोणत्याही रबराशिवाय, केवळ साध्या कपड्यांतून दाखवले आहे.

क्रिश

दुसऱ्या चित्रपटात रोहितचा मुलगा कृष्णा नायक आहे. आपली शक्ती जगापासून लपवून ठेवण्याचे वचन त्याने आजीला दिलेले असते. सिंगापूरमध्ये सर्कशीच्या तंबूला आग लागते, तेव्हा मुलांना वाचवण्यासाठी तो तेथे पडलेला एक तुटका काळा मुखवटा चेहऱ्यावर चढवतो आणि अंगातील जॅकेट उलटे करून घालतो. अशा रीतीने क्रिशचा वेश प्रयोगशाळेत किंवा शिंप्याकडे तयार होत नाही, तर निकड भागवण्यासाठी हाताशी आलेल्या वस्तूंतून जुळतो. मुखवट्याच्या तुटक्या कडेला त्यामुळेच अर्थ आहे.

मुखवटा कोणाच्याही चेहऱ्यावर बसू शकतो, ही गोष्ट कथानकात महत्त्वाची ठरते. बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पैशांची गरज असलेल्या क्रिस्टियन या मित्राला कृष्णा क्रिशची ओळख घेऊ देतो आणि पुढे डॉ. सिद्धांत आर्य (नसीरुद्दीन शाह) क्रिस्टियनला क्रिश समजून ठार मारतो. व्यावसायिक दृष्टीनेही हा मुखवटा सोयीचा होता. नायकाचे ओठ, हनुवटी आणि डोळे मोकळे राहिल्याने तारांकित अभिनेत्याचा चेहरा प्रेक्षकांना हरवल्यासारखा वाटत नाही.

लांब काळा कोट द मेट्रिक्स (१९९९) या चित्रपटाची आठवण करून देतो. साहसदृश्यांचे दिग्दर्शन हाँगकाँगच्या चिंग सिउ-तुंग यांनी केले होते. तारांच्या साहाय्याने केलेल्या उड्यांमध्ये अशा कोटाचा घेर वेगाची जाणीव वाढवतो. कमरेचा पट्टा आणि तारांची जोडणी झाकण्यासही तो उपयोगी पडतो. बाजारात आलेले क्रिशचे मुखवटे लहान मुलांमध्ये लोकप्रिय झाले.

क्रिश ३

मधल्या काळात भारतीय विज्ञानपटांची अपेक्षा बदलली होती. एन्दिरन (२०१०) या तमिळ चित्रपटासाठी मेन इन ब्लॅकच्या वेशभूषाकार मेरी व्होट यांनी काम केले, तर रा.वन (२०११) मध्ये शाहरुख खान अंगाला चिकटलेल्या निळ्या पोशाखात दिसला. क्रिश ३ साठी गॅव्हिन मिगेल यांनी वेशभूषा केली. नायकाचा कोट कायम राहिला, मात्र त्याखालचा पोशाख घट्ट आणि चामड्यासारखा झाला. चित्रीकरणाच्या काळातील वृत्तांनुसार नवा मुखवटा मेणाचा होता आणि उष्णतेने तो मऊ पडत असल्याने वातानुकूलित वाहनाची सोय ठेवावी लागली. सर्कशीत सापडलेल्या तुटक्या मुखवट्याचा ओबडधोबडपणा या सफाईत नाहीसा झाला.

खलनायक काल (विवेक ओबेरॉय) आरंभी चाकांच्या खुर्चीत जखडलेला आहे; बरा झाल्यावर तो धातूचे चिलखत धारण करतो. कंगना राणावत हिने साकारलेली काया रूप बदलू शकते. तिचा काळा चकचकीत पोशाख हे तिचे मूळ रूप. प्रियाचे (प्रियांका चोप्रा) सोंग घेतल्यावर प्रियाचे घरगुती कपडे हाच तिचा खरा मुखवटा ठरतो. या पात्रांची एक्स-मेन मालिकेतील पात्रांशी असलेली जवळीक समीक्षकांनी दाखवून दिली. दृश्यपरिणाम रेड चिलीज व्हीएफएक्स या संस्थेने केले.

पोशाखातील कलाकार

पहिल्या दोन्ही चित्रपटांना विशेष दृश्यपरिणामांसाठी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाले. वेशभूषेसाठी मात्र एकालाही मिळाला नाही. अंगभर पोशाख घालणाऱ्या अभिनेत्यांच्या वाट्याला येणारी अनामिकता हिंदी चित्रपटांपुरती मर्यादित नाही. स्टार वॉर्स (१९७७) साठी वेशभूषाकार जॉन मोलो यांना ऑस्कर मिळाले, परंतु आर२-डी२ या यंत्रमानवाच्या आत बसलेले केनी बेकर पडद्यावर दिसलेच नाहीत. जादूच्या बाबतीतही तेच घडले. पात्राचे नाव घरोघरी पोहोचले, त्यावर २००४ मध्ये जे बोले तो जादू ही मुलांसाठीची दूरचित्रवाणी मालिका निघाली. पण आतील अभिनेत्याचे नाव फारच थोड्यांना ठाऊक होते. पुरोहित यांनी पुढे बालवीर या मालिकेत स्वतःच्या चेहऱ्याने काम केले. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा जादूची भूमिका कोणी केली होती हे अनेक प्रेक्षकांना प्रथमच समजले.