मेंदू वाचवायचा म्हणजे काय वाचवायचे?

फुफ्फुसाचा कर्करोग मेंदूत पसरल्याचे कळले, की घरची मंडळी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतात : आता किती दिवस? प्रश्न स्वाभाविक आहे. पण अपुरा आहे. ते दिवस रोगी कोणत्या अवस्थेत काढणार, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होय.

अशा रोग्यांच्या संपूर्ण मेंदूवर किरणोपचार करण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. गाठी दोन असोत वा दहा, निरोगी भागालाही तोच मारा सोसावा लागे आणि त्याची किंमत अनेकदा स्मृतीला मोजावी लागे.

स्वीडनचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये निराळी वाट दाखविली. किरणांचे अनेक क्षीण झोत निरनिराळ्या दिशांनी सोडावयाचे आणि ते नेमके गाठीवर एकवटावयाचे. वाटेतील पेशींना एकेका झोताचा उपद्रव अल्प. जेथे सारे एकत्र येतात, तेथील मात्रा मात्र गाठीला मारक. यालाच किरण-शल्यक्रिया म्हणतात. तिच्या एका यंत्राचे नाव ‘गामा नाइफ’. पण या सुरीने कवटी उघडावी लागत नाही.

उत्तर अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. एक ते तीन गाठी असलेले २१३ रुग्ण तीत होते. बहुतेकांचा मूळ रोग फुफ्फुसाचा. किरण-शल्यक्रियेच्या जोडीला संपूर्ण मेंदूवर किरणोपचार झालेल्यांपैकी सुमारे ९२ टक्क्यांची बौद्धिक क्षमता तीन महिन्यांत घटली. केवळ किरण-शल्यक्रिया झालेल्यांत हे प्रमाण सुमारे ६४ टक्के होते. हा आकडाही लहान नव्हे. आयुष्यमानात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही.

याचा अर्थ नवी पद्धत रामबाण आहे, असा नव्हे. तिच्यानंतर मेंदूत अन्यत्र नव्या गाठी अधिक प्रमाणात उद्भवतात. म्हणून ठरावीक काळाने एमआरआय तपासणी अटळ ठरते. गाठ मोठी असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. गाठी फार असतील, तर जुना उपाय आजही करावा लागतो.

म्हणजे निवड करावीच लागते. ती कोणी करावयाची? आपल्याकडे पुष्कळ घरांत रोग्याला रोगाचे नावही सांगत नाहीत. हेतू मायेचा असतो, हे खरे. परंतु ज्याची स्मृती पणाला लागली आहे, त्यालाच न विचारता तिचा सौदा करणे, ही माया नव्हे. तो विचार करू शकतो, तोवरच त्याला विचारले पाहिजे.