नवा हेडफोन 100 तास वाजवला की आवाज खरंच 'खुलतो' का?

नवा हेडफोन घेतला, पण आवाज काही पटला नाही. तक्रार केली की हमखास उत्तर मिळतं, "अहो, आधी 100 तास वाजू द्या, मग बघा कसा खुलतो!" याला 'बर्न-इन' किंवा 'ब्रेक-इन' म्हणतात. महागड्या केबलबद्दलही हेच सांगितलं जातं. यात तथ्य किती?

स्पीकर: थोडं खरं

कोल्हापुरी चप्पल सुरुवातीला चावते, मग पायात बसते. स्पीकरमध्येही हलणारे भाग असतात. त्याचा पडदा रबर, फोम किंवा कापडाच्या लवचिक कडांवर पुढे-मागे हलतो. नव्या स्पीकरच्या या कडा थोड्या ताठ असतात आणि वापराने किंचित सैल होतात. हा बदल यंत्रावर मोजता येतो आणि मुख्यतः खालच्या स्वरांत, म्हणजे बासमध्ये असतो. पण तो बराचसा सुरुवातीच्या वापरातच होऊन जातो आणि सहसा इतका बारीक असतो की कानाला कळणं अवघड.

हेडफोनचा पडदा तर फारच लहान आणि हलका. तिथे जास्त फरक पडतो तो कानावरच्या गादीने. गादी मऊ होऊन कानाला नीट चिकटली की बास वाढल्यासारखा वाटतो. हेडफोन डोक्यावर जरा सरकला तरी आवाज बदलतो.

केबल: नाही

तांब्याच्या तारेत हलणारा भागच नसतो. गाण्याच्या सिग्नलमध्ये तांब्याची रचना बदलण्याइतकी ताकद नसते. 200 तासांनंतरही तार तीच, तिचा रोधही तोच. अ‍ॅम्प्लिफायर सुरू केल्यावर तापून स्थिरावायला काही मिनिटं घेतो, पण ते रोजचंच. त्याला ब्रेक-इन म्हणता येत नाही.

मग आवाज सुधारल्यासारखा का वाटतो?

कारण बदलतो तो आपला मेंदू. नव्या आवाजाची सवय होते आणि आधी खटकणारं पुढे खटकत नाही. त्यात पैसे मोजलेले असतात, त्यामुळे अपेक्षाही असतेच. गंमत बघा, ब्रेक-इननंतर आवाज 'बिघडला' असं जवळपास कुणीच सांगत नाही!

खात्री करायची तर मित्राला तुमच्या नकळत जुनी-नवी केबल बदलायला सांगा. आवाजाची पातळी सारखी ठेवा आणि 10 वेळा ओळखा. 5-6 उत्तरं नुसत्या अंदाजानेही बरोबर येतात. 9-10 आली, तरच फरक खरा असण्याची शक्यता.

यात तुमचं नुकसान काय?

रोज 2 तास ऐकलं तर 100 तास व्हायला 50 दिवस लागतात. अनेक ऑनलाइन खरेदीत वस्तू परत करायची मुदत मात्र 7 ते 10 दिवसांचीच असते. आवाज खुलायची वाट बघता बघता मुदत संपते आणि न आवडलेला हेडफोन गळ्यात पडतो.

म्हणून पहिल्या 2-3 दिवसांतच ओळखीची गाणी लावून ऐका. नाही आवडला, तर सरळ परत करा. आणि 'बर्न-इन'साठी हेडफोन कानाला लावून मोठ्या आवाजात वाजवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास आहे. हेडफोन बदलून मिळेल, कान नाही!