नदीला मासे पुरवणारं केंद्र बंद पडतं तेव्हा

अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट हे डोंगराळ, छोटं राज्य आहे. तिथल्या रॉक्सबरी गावात 1891 साली राज्याचं पहिलं मत्स्यबीज केंद्र उभं राहिलं. शंभराहून अधिक वर्षं तिथले ट्राउट मासे राज्यातल्या ओढ्यांत आणि तळ्यांत सोडले गेले. 28 ऑगस्ट 2011 रोजी आयरीन वादळ आलं. शेजारच्या ओढ्याचं पाणी केंद्रात घुसलं, तळ्यांत दगडगाळ भरला आणि हजारो मासे गेले. केंद्र नव्याने उभं राहायला बरीच वर्षं लागली.

आपल्याकडे धरणांत रोहू-कटल्याची बोटुकली सोडतात, ती मुख्यतः मच्छीमारांच्या पोटापाण्यासाठी. अमेरिकेतली राज्यं ट्राउट सोडतात ते बहुतांशी गळ टाकणाऱ्या हौशी लोकांसाठी. या लोकांचं परवाना-शुल्क आणि गळाच्या सामानावरचा केंद्रीय कर यांतून या कामाचा मोठा खर्च निघतो. त्यामुळे केंद्र बंद पडलं की ‘यंदा आमच्या ओढ्यात मासे किती?’ हा त्यांचा प्रश्न रास्तच असतो.

उत्तर मात्र यंदापुरतं नसतं. प्रजननाच्या काळात केंद्रातले कर्मचारी मादीच्या पोटावरून हलक्या हाताने बोटं फिरवत अंडी कोरड्या भांड्यात घेतात, त्यांवर नराचं वीर्य सोडतात आणि मग पाणी घालतात. पुढे ही अंडी वाहत्या थंड पाण्यातल्या ट्रेमध्ये ठेवतात. मेलेली अंडी पांढरी पडतात. त्यांची बुरशी शेजारच्या अंड्यांना लागू नये म्हणून ती वेचून काढावी लागतात. 10 अंश सेल्सिअसला रेनबो ट्राउटची पिल्लं सुमारे 31 दिवसांत बाहेर येतात, पण गळाला लागण्याजोगा नऊ-दहा इंची मासा व्हायला साधारण दीड वर्ष जातं. म्हणून केंद्र आज दुरुस्तीसाठी बंद राहिलं, तर त्याची झळ पुढच्या हंगामांना लागते, आणि नवं केंद्र सुरू झालं तरी नदीला वाट पाहावीच लागते.

मग बाकीच्या केंद्रांवर भार टाकता येत नाही का? थोडाफार येतो. ट्राउटला थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो, आणि 20 अंशांच्या पुढे मासा कासावीस होतो. हौदात दाटी केली तर रोगाला आमंत्रण मिळतं. न्यू जर्सीच्या पेक्वेस्ट केंद्रात 2013 साली फुरंक्युलोसिस हा जीवाणूजन्य रोग शिरला आणि 2014 मध्ये एक लाखाहून अधिक ब्रुक आणि ब्राऊन ट्राउट नष्ट करावे लागले. त्यानंतर तिथे या रोगाला अधिक तोंड देणारा रेनबो ट्राउटच वाढवायचं ठरलं.

म्हणजे दुरुस्तीच्या काळात राज्याच्या मत्स्य विभागासमोर मोजकेच पर्याय उरतात: मासे कमी सोडायचे, लहान सोडायचे, जात बदलायची किंवा काही पाणवठे मासे सोडण्याच्या यादीतून वगळायचे. यांतला शेवटचा पर्याय नीट निवडला, तर तो नदीच्या हिताचाही ठरतो. माँटाना राज्यात मॅडिसन नदीवर डिक व्हिन्सेंट या जीवशास्त्रज्ञाने केलेल्या अभ्यासात दिसलं, की केंद्रातले मासे सोडणं थांबवल्यावर तिथल्या रानटी ट्राउटची संख्या वाढते. बाहेरून आलेले मासे जागेसाठी आणि अन्नासाठी त्यांच्याशी झगडत होते. 1974 पासून त्या राज्याने रानटी ट्राउट असलेल्या नद्यांत मासे सोडणं बंद केलं.

आयरीननंतर व्हरमाँटमध्ये पुराइतकीच काळजी वाटली ती पुरानंतरच्या यंत्रांची. घाईघाईने ओढ्यांचे दगड उपसले गेले, पात्रं सरळ केली गेली. त्याबरोबर माशांचे डोह आणि आडोसे गेले. अशा ओढ्यात ट्रक भरभरून मासे ओतले, तरी ते राहणार कुठे?

म्हणून केंद्राच्या दुरुस्तीबरोबर यादीचीही दुरुस्ती व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. शहराजवळच्या ज्या तळ्यांत ट्राउटची वीण होत नाही, पण मुलं पहिल्यांदा गळ हातात धरतात, तिथे केंद्राचे मासे जरूर जावेत. जिथे वीण होते, तिथे काठावर झाडं लावावीत आणि माशांची वाट अडवणाऱ्या मोऱ्या बदलाव्यात. नव्या हौदांइतकाच पैसा या कामांवर खर्च झाला, तर पुढचं वादळ येऊन केंद्र पुन्हा बंद पडलं, तरी त्या ओढ्यांतली वीण चालू राहील.